पदराच्या गाठीतला दात

गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८७, सकाळचे नऊ. जागा: माझी ओसरी. हजर: मी, शेजारची अक्का, तिची सून. गैरहजर: जिनिंगचा मुकादम, ज्याच्यापायी हा सगळा खटाटोप.

वहीत नोंद अशीच आहे. मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात कारकून होते. यादीशिवाय मी काम करत नसे, अजूनही करत नाही.

अक्का जिनिंगमध्ये कापूस निवडायची. आदल्या दिवशी मुकादमाने एका बाईला पाणी प्यायला जाऊ दिलं नाही. अक्का मध्ये बोलली, तर त्याने हातातली लोखंडी पाटी तिच्या तोंडावर मारली. ती तडक ठाण्यात गेली. हवालदारांनी तक्रार अदखलपात्र म्हणून लिहिली: किरकोळ धक्काबुक्की, दिसण्याजोगी इजा नाही. म्हणजे कागद मिळाला, पण पोलीस पुढे काही करणार नव्हते. आज सकाळी मुकादमाने तिला फाटकावरूनच परत पाठवलं. "कागद जपून ठेव अक्का, चूल पेटवायला होईल," म्हणाला. तक्रार तशीच राहिली असती तर कामही गेलं असतं आणि खोटारडी हे नावही कायमचं चिकटलं असतं.

मी वही उघडली. "काय काय तुटलं, ते एकेक सांगा."

"बांगड्या चार. चप्पलना अंगठा." तिने पदराचं टोक पुढे ओढलं. "नि हाऊ."

तिने पदराची गाठ सोडली. आत दात होता. पुढचा, मुळासकट.

दवाखान्यात दाखल्यांच्या नकला मीच करायची. दुखापत साधी की गंभीर, असा त्यात रकाना असे. दात पडला की ती गंभीर, आणि मग पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो.

"अक्का, हा काल का नाही दाखवला?"

"त्या हवालदार मना सासरना गावना शेतस. जेठना जागे. त्यासनामोरे तोंड कसं उघाडू?"

म्हणजे थोरल्या दिरासमोर धरतात तसा तोंडावर पदर धरून तिने सगळी तक्रार सांगितली होती, आणि त्यांनी पदरावरून इजा नाही असं लिहिलं होतं.

"मनामोरे तर बरं तोंड चालस तुमनं," सून म्हणाली. अक्का हसली आणि लगेच गाल धरून बसली.

मी यादी केली. एक, धुळ्याला दातांच्या डॉक्टरांचा दाखला. दोन, ठाण्यात नवा अर्ज. तीन, त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर पोस्टाने. चार, पदर. पहिली तीन कामं मी करू शकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारांनी अर्ज आणि दाखला वाचला, मान वर केली. "बाई, हे काल-परवाच सांगायचं ना."

अक्काने दात टेबलावर ठेवला. मग पदर खाली घेतला. सुजलेला ओठ, काळानिळा गाल, मधली फट, सगळं दिसलं.

"आबा, त्या दिवशी तुम्हीन दखं नई, नि मी पदर काढा नई. चूक दोन्हीसनी. आते दखा नि लिखा."

त्यांनी पाहिलं, आणि लिहिलं. शेवटी 'वाचून दाखवली, बरोबर आहे' ही नेहमीची ओळ आली. अक्काने अंगठा मागे घेतला. "पहिले वाचा." त्यांनी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचून दाखवलं. ती उघड्या तोंडाने ऐकत उभी होती. आयुष्यात मी शेकडो कागद तयार केले, पण मला अभिमान आहे तो त्या फिर्यादीचा. तिच्यातला एक शब्दही माझा नव्हता.

मुकादमाला शिक्षा झाली. अक्का त्याच जिनिंगमध्ये आणखी कितीतरी हंगाम राबली, आणि बायका पाणी प्यायला कुणाला विचारत नव्हत्या.

दात मात्र पुरावा म्हणून जप्त झाला होता, तो कोर्टातच राहिला. दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येते तेव्हा अक्का विचारते, "मना दात कवय भेटी?" जप्तीची पावती माझ्या वहीत टाचलेली आहे. त्या पानावरच्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या आहेत. एक ओळ उरली आहे: मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज.