डोळे शेवटी

काळुराम पहिल्यांदा लक्षात आला तो कासूच्या शाळेत, पाचवीत. गुरुजींनी पाटीवर माणूस काढायला सांगितला होता. बाकी पाट्यांवरची माणसं डोळे वटारून बघत होती. काळुरामच्या माणसाला मिशी होती, सदऱ्याला गुंड्या होत्या, पण डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं.

"आंधळा काढलास की काय रे?" गुरुजींनी विचारलं.

"नाय गुरुजी. डोळे शेवटी. त्याच्या अंगावर रंग व्हायचाय अजून."

वर्ग हसला. शेजारी बसलेला रघू मात्र हसला नाही, कारण त्यालाही ते ठाऊक होतं. काळुरामचे वडील जोह्याच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे रेखत. आखणी म्हणतात त्या कामाला. अंगाचा रंग कुणीही द्यावा, डोळे मात्र सगळ्यात शेवटी आणि एकाच हाताने. पितांबर नेसून होईपर्यंत देवाने डोळे उघडू नयेत, असं वडील सांगत. सुट्टीत ही दोन पोरं तिथंच रंगाच्या वाट्या धुवायला असत.

वडिलांमागे कुंचला काळुरामकडे आला. गणपती पोचते झाले की तो चित्रं काढायचा. देवळाच्या भिंतीवर मारुती, दुकानात लक्ष्मी, शाळेत सरस्वती. पाटीवरचा तो माणूस सोडला तर त्याने देवांशिवाय कुणाला काढलं नव्हतं. रघू पनवेलला कॉम्प्युटर शिकला आणि सत्त्याण्णव साली त्याने रोह्याला कॉम्प्युटरवर छपाईची कामं करायचं दुकान टाकलं. पुढच्या वर्षी दिवाळीआधी तो मोटरसायकलवरून काळुरामच्या दारात आला. एका कंपनीला कॅलेंडर हवं होतं, त्यावर मिठागरात काम करणारी बाई हवी होती.

"माणूस मला जमायचा नाय," काळुराम म्हणाला.

"आयशीला काढ की. तिच्या हातची भाकरी खाल्लीय मी. माझी पण आईच हाय ती."

जन्मभर मिठागरात राबलेली काळुरामची आई, ठमाबाई, चुलीपाशी होती. "माझं काय काढायचं? देव संपले काय तुझे?" असं म्हणून तिने दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी आपणच उंबऱ्यावर येऊन बसली. "काढ. पण हाय तशी काढ. गोरीबिरी करू नको मला."

"हाय तशीच काढीन," काळुरामने शब्द दिला.

तो शब्द पाळणं सोपं नव्हतं. हात देवांच्या वळणावर जायचा. गाल भरायचे, मान ताठ व्हायची, बोटं निमुळती व्हायची. पहिला कागद बघून ठमाबाई म्हणाली, "ही तर गौर बसवलीस. हिला मीठ ओढायला लाव, संध्याकाळपर्यंत मोडंल." कागदामागून कागद फाटले. शेवटी खांदा नीट उतरला, मीठ ओढायच्या फळीचा दांडा धरणारी जाड बोटं उतरली, पायाच्या भेगा उतरल्या. डोळे त्याने कोरे ठेवले, पण बघून ठेवले. पांढऱ्या मिठावरच्या उन्हाने ते कायमचे बारीक झाले होते, आणि डावा उजव्यापेक्षा लहान होता. इतकी वर्षं समोर असून ते त्याने कधी पाहिले नव्हते.

रोह्याच्या दुकानात ते रेघांचं चित्र स्कॅन होऊन पडद्यावर आलं. रघूने लुगड्यावर हिरवा रंग सोडला तर तो आभाळभर सांडला. पदराची रेघ एका जागी तुटली होती.

"रेघ बंद कर. ह्या मशीनला फट चालत नाय," रघू हसला.

काळुराम दिवसभर फटी बुजवत बसला. त्याला गंमत वाटत होती. सुकण्याची वाट बघायची नाही, रंग आवडला नाही तर पुसून पुन्हा. निघताना म्हणाला, "डोळे तेवढे कोरे ठेव. रंग झाले की कागद छापून काढ. मी त्यावर भरतो, मग पुन्हा मशीनमध्ये घे."

"मला सांगतोस? वाट्या कोण धूत होतं? बोलावतो तुला."

बोलावणं आलं नाही. डिसेंबर निम्मा गेला तेव्हा काळुराम बारीक कुंचला खिशात घालून स्वतःच रोह्याला गेला. रघूने टेबलाखालून कॅलेंडरची गुंडाळी काढून दिली.

उलगडल्यावर लुगडं दिसलं, दांडा दिसला, भेगा दिसल्या. तोंडावर दोन टपोरे, कानापर्यंत गेलेले डोळे होते. काळुरामने ते लगेच ओळखले. गेल्या वर्षी रघूच्याच दुकानाच्या मुहूर्तासाठी त्याने लक्ष्मी काढली होती, तिचे होते.

"हे डोळे कुणी लावले?"

"तुझेच हायत ते, काळू. तुझ्याच हातचे. मी एक रेघ तरी मारली काय?"

"बोलावणार होतास."

रघू खुर्चीत मागे टेकला. "कंपनीच्या साहेबाला प्रसन्न बाई पायजे होती. तिचे ते मिचमिचे डोळे कोण लावील घरात? तुला विचारलं असतं तर तू नाय म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नायस."

"म्हणून नाय विचारलं."

दुसरा कुणी असता तर काळुराम भांडला असता. हा वाट्या धुणारा होता, भाकरी खाल्लेला होता, डोळे शेवटी का भरायचे हे जाणणारा होता. त्याच्याशी कशावरून भांडायचं? त्याने गुंडाळी उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

घरी त्याला ती लपवायची होती. पण ठमाबाईने काखेतून ओढून घेतली, दारातल्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली.

"बाई चांगली हाय," ती म्हणाली. "पण हिला कधी उन्हात उभी केलेली नाय. कोण रे ही?"

"रघूने बदललं, आये."

"रघूने तुला शब्द दिला असंल. मला तू दिला होतास."

तिने कॅलेंडर गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि भाताची चूल फुंकायला बसली. काही दिवसांनी त्याने नवा कागद लावला आणि तिला उंबऱ्यावर बस म्हणून विनवलं. ती बसली नाही. रघू संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला तेव्हा तिने त्याला चहा केला, भाकरी विचारली नाही.

मोसमात काळुराम पुढेही सकाळच्या गाडीने पेणला उतरून एस.टी.ने जोह्याला आखणीला जात राहिला, पण गणपती झाल्यावरचे महिने चित्रं काढायची सोडून आईबरोबर मिठागरावर मीठ ओढू लागला.