बाबांनी बांधलेली ट्यूबची पट्टी

बाबा गेले तेव्हा आमच्या संडासाची टाकी गळतच होती. भिंतीतल्या कॉकपासून फ्लशच्या टाकीपर्यंत जो पाइप जातो, त्याच्या वरच्या तोंडाशी. बाबांनी तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. आमच्या गावात, कामठ्यात, सगळं असंच बांधतात. पंपाच्या मोटारीचा पाइप फुटला, गुंडाळ ट्यूब. शेतात, धानाच्या बांधीत, चार थेंब सांडले तरी ते धानालाच जातात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. संडासात धान नव्हतं, फरशी होती. थेंब पट्टीतून वाट काढत खालच्या बादलीत पडायचे, आणि बादली भरली की फरशी ओली.

त्याच फरशीवर माय घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर घालून आली ती संडासात जाईचना. पहाटे डबा घेऊन मागच्या बांधीकडे जायची, एका हातानं साडी सावरत.

आणि मी गावोगाव पत्रकं वाटते. ‘संडास बांधला, पाणी कुठं आहे?’ हे त्यातलं वाक्य माझं. फोटो काढायला साहेब येतात, वॉशर बदलायला कुणी येत नाही, हे मी चौकात माइकवर ओरडलेली आहे. उद्याही ओरडेन. पण माय डबा घेऊन परतताना दिसली तेव्हा मला राग आला नाही. लाजही नाही. बाबांच्या तेरवीपासून हे असंच होतं. भाषणात आवाज चढायचा, घरी आलं की आत काही हलत नसे. मी पाना घेतला.

माय दारात येऊन उभी राहिली. “कायले खोलून राहिली ते? तुह्या बाबानं बांधलं हाय.”

“गळून राहिलं हाय, माय.”

“गळते त गळू दे. बाल्टी हाय न.”

“आन तू पडली ते?”

“मी पडली. बाल्टी नाही पडली.”

पट्टी तशीच ठेवून मी नट वरूनच आवळला, जोर लावून. पाणी दुप्पट यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेले. हार्डवेअरवाला मला चौकातल्या सभांमुळे ओळखतो. “क्यों मॅडम, भाषण से लीकेज बंद नहीं हुआ?” म्हणत त्यानं रबरी वॉशर पुढे टाकला. एरवी मी त्याला सोडला नसता. वॉशर घेतला आणि ऑटोत बसले.

घरी येऊन मायला सरळ सांगितलं, “पट्टी काढल्याशिवाय हे होत नाही. पट्टी ठेवायची असंन त तू बांधीतच जा.”

ती आत येऊन पट्टीशी वाकली. मग म्हणाली, “कापू नको. सोड.”

बाबा गाठ दातानं ओढायचे, त्यामुळे ती सुटता सुटेना. नखानं उकलत बसले. मायनं प्लास्टरच्या हातावर मोबाइल टेकवून उजेड धरला. पट्टी निघाली तशी तिनं ती पदरात घेतली. कॉक बंद करून नट सोडला. आतला वॉशर कडक होऊन चिरला होता, बोटात तुकडे झाले. नवा बसवला, नट हातानंच फिरवला, पान्यानं अगदी थोडा दाबला आणि कॉक उघडला. पाइपभोवती बोट फिरवलं. कोरडं.

माय खाली बसली. फरशी पुसली, थांबली, पुन्हा तळहात टेकवून पाहिला. मग पट्टी माझ्यापुढे धरली.

“आता बांध.”

“आता गळत नाही, माय.”

“मले दिसते. बांध.”

बांधली. गाठ दातानं ओढली. रबराची आंबूस चव तोंडात आली, तरी रडू आलं नाही. वाट पाहिली थोडी, मग बादली उचलून अंगणात नेली.

पहाटे संडासाची कडी वाजली. डबा खुंटीवरच होता.