उजव्या शॉकअपचा आकडा

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरला एका अपघातातल्या मोटारसायकलचा सौदा करत होतो. त्यांची बायको, आमची भाभी, एवढंच म्हणाली, "बालाजीभाऊ, मिस्त्री गेले." मी फोन खिशात ठेवला. माझा चेहरा बघून गाडीवाल्याला वाटलं, मला भाव पटला नाही. त्यानं आपणहून भाव उतरवला, मग आणखी उतरवला. इतका सोपा सौदा मला आयुष्यात मिळाला नव्हता... आणि मला हो म्हणायलाही तोंड उघडेना.

अहमदपूरला माझं जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. बाजारात पोतं अंथरून नट-बोल्ट विकण्यापासून सुरुवात केली, आणि जे उभं राहिलं ते घासाघिशीवर. माझा नियम एकच, पहिला आकडा आपण बोलायचा नाही. सलीमभाईंचं गॅरेज नांदेडला. तेही याच नियमाचे निघाले. एका गिअरबॉक्सवरून आम्ही दोघं तासभर चहा पीत गप्प बसलेलो मला आठवतं. शेवटी भाभी आतून ओरडली, "अरे कोई तो बोलो, दूध खतम हो गया!"

त्यातूनच दोस्ती झाली आणि दोस्तीतून ती क्वाड बाईक. पार्ट माझे, हात त्यांचे. लातूरजवळच्या माळावर शर्यती व्हायच्या, तिथं चालवायचो मी. रेसची क्वाड म्हणजे मोटारसायकलला चार चाकं नव्हेत, हे त्यांनीच शिकवलं. वळणावर कलंडू नये म्हणून पुढची चाकं बाहेर सरकवून गाडी रुंद केली, इंजिन आणि सीट जितकं खाली येईल तितकं आणलं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर, बरोबरीनंच फिरणारी, त्यामुळे गाडी वळायला राजी नसते. चालवणाऱ्यानं सीटवरून अंग आत टाकून तिला वळवायची. मनगटाला एक दोरी, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. ही दोरी मला नको होती, गुरासारखं बांधल्यागत वाटायचं. ते म्हणाले, "बांध. तू पडशील, गाडी पळंल. मग मी कुणामागं पळू?"

पण त्यांचा खरा जीव पुढच्या दोन शॉकअपमध्ये. प्रत्येकाच्या खाली एक छोटं बटन, फिरवलं की कट् कट् वाजतं. दबलेला शॉकअप किती सावकाश परत वर यावा, हे त्या बटनावर ठरतं. लवकर आला तर गाडी माणसाला उडवते. फार उशीर केला तर पुढचा खड्डा येईपर्यंत खालीच बसून राहतो. आमच्या ट्रॅकवर डावीकडची वळणं जास्त, म्हणून उजव्याचा आकडा, म्हणजे बटन किती कट् फिरवायचं ते, वेगळा. तो त्यांनी माझ्या वजनावर बसवला होता. "दोन किलो वाढलास शेठ, माझा हिशोब बिघडवून राहिलास," म्हणत दर शर्यतीआधी पालथे पडून, डोळे मिटून ते बटन फिरवायचे. आकडा कधी सांगितला नाही. "सांगितला की तू गाडी विकशील," म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं. बटन शेवटपर्यंत बंद करून मला कट् कट् मोजता आलं असतं. पण चोरून कशाला मोजू? गाडी माझ्या पार्टची होती. आकडा मला त्यांच्या तोंडून पाहिजे होता.

दवाखान्यात शेवटचे भेटले तेव्हा फुप्फुसं पार गेली होती. मास्क बाजूला करून म्हणाले, "श्वास आत जातो शेठ. परत यायला लई वेळ लावून राहिला."

"मग बटन फिरवा की," मी म्हणालो. ते हसले, मग खोकले. म्हणाले, "आकडा पाहिजे का?"

इतक्या वर्षांचा राग माझ्या तोंडून निघाला. "द्यायचा असंल तर द्या."

"तू विचार की."

"घरी आल्यावर बघू."

नर्सनं मास्क परत लावला. तिसऱ्या दिवशी मी भोकरला होतो.

मागच्या आठवड्यात उदगीरकडचा एक गिऱ्हाईक गाडी बघायला आला. मीच बोलावलं होतं. विकायची नव्हती, भाव काय येतो एवढंच बघायचं होतं... तो उकिडवा बसला आणि बोलता बोलता, लोक काडेपेटी चाळवतात तसं, उजव्या शॉकअपचं बटन इकडून तिकडं फिरवू लागला. कट्, कट्, कट्. मी धावलो, त्याची कॉलर धरली. बिचारा घाबरला. "अहो, त्यात काय एवढं? कितीवर होतं सांगा, परत तिथंच आणून ठेवतो."

मी कॉलर सोडली. सांगायला माझ्याकडं काही नव्हतं.

माझा राग अजून गेलेला नाही. मरणाऱ्या माणसानं एवढा हट्ट धरावा? एक आकडा तर होता. पण हे कुणाला बोलू, आणि बोलताना माझ्या हट्टाचं काय करू?

आता रोज शटर उघडलं की मी त्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी खाली दाबतो आणि सोडतो. उजवी बाजू टुणकन वर येते. डावी सावकाश येते, त्यांनी ठेवली तशी. तिचं बटन मोजून निदान तेवढं तरी लिहून ठेवावं, असं दरवेळी मनात येतं... पण मोजायचं तर ते फिरवावं लागतं.