अव्वांचा डावा हात

विभूतीचा वास आला की लातूरचं ते लिंगायत घर आठवतं. लकवा झालेल्या एका आजींना सांभाळायला मी तिथं होते. सगळे त्यांना अव्वा म्हणत, म्हणून मीही. अंग पुसणं, कूस वळवणं, भरवणं ही माझी कामं. पण गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. पूजेला लिंग डाव्या तळहातावर घ्यावं लागतं, आणि त्यांची नेमकी डावी बाजू गेलेली. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "खालून तुझा हात लाव गं." मी बिचकले. "अव्वा, मी तुमच्यातली न्हाई." "माझं हगणं-मुतणं काढतीस, मग ह्यालाच काय झालं?" तेव्हापासून रोज माझ्या तळहातावर त्यांचा गार तळहात आणि त्यावर लिंग. घरचे त्या वेळी दुकान उघडायच्या घाईत असत. पुढं अव्वांची वाचाही गेली. मग मी हदगावला भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेले. जाताना सुनेला औषधं नीट समजावली, हाताचं सांगायचंच राहिलं. परतले तेव्हा अव्वा गेल्या होत्या; त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना हार घालून भिंतीशी बसवलं होतं. सून रडत म्हणाली, "पाण्यालासुद्धा तोंड उघडलं न्हाई मावशी. नुसतं डाव्या हाताकडं बघायच्या." त्या हातात ठेवलेलं लिंग सारखं कलत होतं. मी पुढं झाले, तर कुणीतरी म्हणालं, "घरच्यांना येऊ द्या," आणि मी मागं सरले. आता नांदेडला दुसऱ्या घरी असते. सुट्टीवर जाताना औषधांचं सगळ्यात शेवटी सांगते.