नकली केसांच्या वेण्या

आखातात अल हैलला आम्ही राहायचो, तिथल्या शेजारणीचं माहेर झांझिबारचं. तिच्या मुलीच्या लग्नासाठी तिने माझ्या केसांत नकली केस मिसळून बारीक वेण्या घातल्या आणि त्यांचा उंच अंबाडा बांधून दिला.

रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी एक वेणी चिमटीत धरली. "हे केस कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत, प्लास्टिकचे आहेत."

त्यांना पटेना. शेवटी मी एका वेणीचं टोक लायटरवर धरलं, तेव्हा ते वितळून त्याचा काळा मणी झाला. "बरं," त्या म्हणाल्या, पण पुढे रोज ताटातला भात चिवडून पाहू लागल्या.

लग्नानंतर मी वेण्या मागे बांधून ऑफिसला जायचे, निजताना त्यांवर रेशमी रुमाल गुंडाळायचे. सुटीच्या दिवशी वेण्यांमधून बोटाने तेल लावायचे. "न्हाताना टाळूला पाणी तरी पोचतं का?" सासूबाई विचारायच्या.

दीडेक महिन्याने शेजारणीने वेण्या सोडल्या, तर नकली केसांबरोबर माझेही मूठभर केस तिच्या हातात आले. मी तो पुंजका हातात घेऊन पाहिला.

"रोज गळतात तेच, आत अडकले होते," शेजारीण हिंदीत म्हणाली.

"असंच सांगणार ती," सासूबाई मराठीत पुटपुटल्या.

मी शेजारणीला चहा दिला. ती गेल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून भांग पुन्हा पुन्हा पाडून पाहिला.