शेवटाआधी करंट गेला

त्या सिनेमाबद्दल मी आधीच वाचलं होतं. बिदरला आमच्या घरी हैदराबादहून इंग्रजी पेपर यायचा, त्यात एका समीक्षकानं त्याची पार चिरफाड केली होती. कुणी पाहायला जाऊच नये म्हणून की काय, मुखवट्याआडचा खुनी कोण तेही सांगून टाकलं होतं. तेव्हापासून मला तो पाहायचा होता. घरात मी हे बोलले नव्हते.

त्या उन्हाळ्यात दुबलगुंडीला आत्याकडे हुमनाबादहून व्हिडिओ भाड्यानं आणला. रात्र पुरुषांची झाली, दुपार बायकांची. हिंदी सिनेमाच्या डबीतून इंग्रजी कॅसेट निघाली. पडद्यावर त्याच सिनेमाचं नाव आलं आणि मी सावरून बसले.

"ऱ्हाऊ दे तेच," आत्या म्हणाली. "ही हाय की सांगायला. पन घाण काई निघालं तर बंद करनार बघ मी."

ही म्हणजे मी. इंग्लिश शाळेची, म्हणून गर्वाची, असं तिथं सगळ्यांचं मत होतं. खरं म्हणजे माझ्या पुस्तकी मराठीला आत्याच्या मुली हसायच्या, म्हणून मी गप्प असायचे. आता दहाबारा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

सिनेमातली मुलगी एका मुलाच्या गाडीत बसली.

"कोन म्हनायचा ह्यो?"

मित्र म्हटलं तर आत्या बटण दाबणार. "मावसभाऊ," मी म्हणाले.

पुढच्याच मिनिटाला त्यानं तिला जवळ ओढलं. आत्या उठली.

"मामाचा पोरगा असंल गं," कोपऱ्यातून थोरली काकू म्हणाली. "हिला कुठलं कळतंय नात्यातलं."

"व्हय, मामाचाच," मी घाईनं म्हणाले. मामाच्या मुलाशी आमच्याकडे लग्नं होतात. आत्या खाली बसली.

मग मी थांबलेच नाही. मुखवटेवाला दाराआड उभा राहिला की बायका एकमेकींचे हात धरायच्या. "कामून चाललीय एकली माळ्यावर? लाईट लाव म्हनावं तिला." मी ओरडत होते, हसत होते, मधेच भाषांतर करत होते. इतकी मजा मला कुठल्याच चांगल्या सिनेमात आली नव्हती. मामाच्या पोराला सुरी लागली तेव्हा काकूनं डोळ्याला पदर लावला.

आणि करंट गेला.

पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. मशीन न्यायला माणूस आला. मुलगी माळ्यावरच राहिली.

"म्या वाचलंय पुढचं," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'म्या' आलं आणि कुणी हसलं नाही.

समीक्षकाच्या त्या चार ओळी मी अर्धा तास सांगितल्या. माळा, शिडी, पाठीमागचा श्वास, आणि मुखवटा ओढला तर गावातला तो गोड बोलणारा डॉक्टर. बायका निवांत झाल्या. काकू मात्र तशीच बसून होती.

"आन् मामाला कोन सांगितलं? त्याचं लेकरू गेलं न्हाई का?"

पेपरात याबद्दल काही नव्हतं. "ती पोरगीच गेली सांगायला," मी म्हणाले. "सकाळच्या पहिल्या गाडीनं. मामी अंगण झाडायली होती. हिला बघून तिच्या हातातला झाडू खाली पडला."

काकूनं मान हलवली. "जायालाच पायजे," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

पुढे कॉलेजला गुलबर्ग्यात असताना एका मैत्रिणीच्या घरी तोच सिनेमा लागला होता. मैत्रिणी जांभया देत होत्या. समीक्षकानं खोटं काही लिहिलं नव्हतं. डॉक्टर पडला, नावं वर सरकू लागली. कुणीतरी बंद करायला उठली, तर मी म्हणाले, थांब जरा.

नावं संपली. मामाकडे कुणीच गेलं नाही.