तेच पडणे

हे दयाघना, रडणाऱ्यांना हसवणारे तू घडवलेस आणि त्यांना हिणवणारे आम्ही निपजलो!

रंगमंचावर पडून लोकांना हसवणारे ते धपकनराव. "विदूषकाला मुलगी दिली," म्हणत सासरे त्यांच्या घराची पायरी कधी चढले नाहीत. पुढे एका चित्रपटात बापाच्या भूमिकेत, मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकताना, जुन्या सवयीने त्यांचा पाय घसरला आणि पडद्यावरचा बाप तस्साच पडला. दिग्दर्शकाने त्याला थोर अभिनय म्हटले, पुरस्कार मिळाला, आणि सासरेबुवा उगवत्या सूर्याला नमस्कार घालायला दारात हजर!

"जावईबापू, काय पडलात! काळजाला घरं पडली."

"बाबा, हे तेच पडणं," मुलगी म्हणाली. "तेव्हा तोंड फिरवत होतात."

"तेव्हा थिल्लरपणा होता गं. आता कला आहे!"

तिने नवऱ्याकडे पाहिले. मोठा नट झाल्यापासून तो घरातही हसत नव्हता. आपला माणूस हरवला, हेच तिला सलत होते. त्याने चहाचा कप खाली ठेवला, उठला, आणि धपकन पडला.

सासऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "अरेरे, केवढं हे दुःख!"

ती पोट धरून हसत सुटली. जमिनीवर पडल्या पडल्या तोही.

देवा, या घरातले हसू अखंड राख, जोडा सुखी ठेव. आणि उरलीच, तर चिमूटभर अक्कल सासऱ्यांनाही दे!